प्रत्यक्ष हजर बावीस

माहं अक्षर चांगलं आहे. हे मी नाही सांगत, तीन तहसीलदारांनी माह्या गोपनीय अहवालात लिहून ठेवलं आहे. अन् त्याच अक्षरानं मले जेलात पोचवलं. साहेबानं सांगतले तसे दाखले लिहीत गेलो. सही त्याची, अक्षर माहं. चौकशी लागली तवा साहेबानं सही आपली नाही म्हणून सांगतलं. मी अक्षर कसं नाकारू? अख्खं तहसील ओळखे. साहेबाची बदली झाली अन् मी, वामन, अव्वल कारकून, वय वर्षं छप्पन, सबजेलात. बायको रजनी एकदा आली, गजांच्या पलीकडून माह्याकडे पाहून रडली, अन् मंग आली नाही. तिचंही बरोबर आहे.

आमच्या तालुक्याची सबजेल म्हणजे तहसीलच्या मागची दगडी बराक, दोन खोल्या अन् एक संडास. मंजूर क्षमता बावीस. आम्ही होतो एकोणपन्नास. पाठीवर झोपायले जागा नव्हती. कुशीवर झोपायचं, अन् एकानं कूस बदलली का सगळ्या ओळीनं बदलायची. कागदावर अधीक्षक तहसीलदार, पण त्याईले उसंत कुठली! खरा मालक हवालदार संजय. आवाज गोड, हात जड. मी आत गेल्यावर चौथ्या दिवशीच त्यानं माहं अक्षर पाहलं अन् मले राइटर केलं. राइटर म्हणजे कैद्यातलाच कारकून. रजिस्टर लिहायचं, अर्ज लिहायचे, कोणाची तारीख कवा त्याची यादी ठेवायची. मले टेबल भेटलं, पंख्याखालची जागा भेटली, लोक पुन्हा बाबू म्हणू लागले. खरं सांगतो, मले बरं वाटलं.

आता तपासणीचं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

दोन-तीन महिन्यांनी यवतमाळहून कोणी ना कोणी जेल पाहायले येते. त्याईच्यापाशी एक छापील नमुना असते. त्यात एक रकाना आहे, 'तपासणीच्या वेळी प्रत्यक्ष हजर बंदी', अन् त्याच्या शेजारी 'मंजूर क्षमता'. हे दोन आकडे जुळले का साहेब पान उलटते. मंग जुळवायचे कसे? आदल्या दिवशी सत्तावीस जणांच्या नावापुढं 'कोर्ट तारीख' लिहायचं, सकाळी आठले त्याईले पोलिसाच्या पिंजरागाडीत कोंबायचं, गाडी कोर्टाच्या आवारात नेऊन उभी करायची, अन् साहेब गेला का परत आणायची. तारीख त्यातल्या कोणाचीच नसे. कोर्टातले लोक विचारत नाहीत, तिथी अशा गाड्या रोजच्याच. हे डोकं माहं नव्हतं, माह्या आधीपासून चालत आलतं. मी फक्त ते सफाईनं लिहू लागलो.

अन् गंमत पाहा, कैद्याईले हे आवडे. गाडीत नंबर लागावा म्हणून लोक माह्या पाया पडत. कोर्टात कडुनिंबाखाली गाडी उभी राहे, घरचे लोक जाळीपाशी येत, भाकर-ठेचा आत सरकवत, लेकराचं बोट जाळीतून धरू देत. मागं राहणाऱ्याच्या नशिबी काय, तर फिनेल अन् चुना, अन् साहेबापुढं तोंडाले कुलूप. मागच्या खेपेले बाबुलालनं तक्रार केलती, संडास तुंबला म्हणून. साहेबानं लिहून घेतलं अन् गेला. मंग संजयनं बाबुलालले तो संडास हातानं उपसायले लावला. महिनाभर, दररोज. साबण नाही, अन् जेवण त्याच हातानं. तवापासून तपासणीच्या दिवशी आमची बराक मुकी.

म्हणून गाडीतली जागा म्हणजे इनाम. अन् ते वाटणारा मी.

श्रावण होता डोंगराखालच्या कोलाम पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा. सागाची दोन लाकडं सापडली म्हणून धरलेला. जामीन कवाचा मंजूर, पण जामीनदार सातबारावाला पाहिजे, अन् त्या पोडावर कोणाच्या नावानं सातबारा आहे? चौदा महिने झाले होते. वय तीस असन, दिसे पन्नासचा. त्याले सिकलसेल. ज्याले माहीत नाही त्याले सांगतो, यात माणसाचं रक्तच वाकडं राहते. ऊन लागलं, पाणी कमी पडलं, का हाडं आतून फुटल्यासारखी दुखतात, माणूस ढोरासारखा हंबरते. दर दोन-तीन महिन्यांनी त्याले यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात रक्त चढवा लागे. जेलात आल्यापासून एकदाच नेलतं. मी त्याचे तीन अर्ज लिहिले, एकदम फर्स्टक्लास. तिन्हीवर एकच शेरा आला: गार्ड उपलब्ध नाही.

मी काही देवमाणूस नाही. सुरुवातीले हा श्रावण मले डोळ्यापुढं नको वाटे. एकदा त्याच्या हातचं पाणी रजिस्टरवर सांडलं, पानभर शाई फुटली. त्या रागापायी दोन तपासण्यांले मी त्याचं नाव गाडीच्या यादीतून मुद्दाम गाळलं. तरी तो दर इतवारी माहे कपडे धुऊन देई, दुखत्या हातानं पिळून देई, अन् मी बिनलाजऱ्यासारखा घेई. तिसऱ्या खेपेले धुतलेला सदरा माह्या हातात देऊन तो म्हणे, "बाबू, यावेळी मले गाडीत टाका. शकू येईन कोर्टात. गोळ्या तिच्यापाशी आहेत."

शकुबाई त्याची बायको. उपकेंद्रातून भेटणाऱ्या त्याच्या गोळ्या ती साठवून ठेवे. जेलच्या फाटकावर दिल्या तर त्या आत पोचत नव्हत्या. मले शरम वाटली, खोटं कायले बोलू? दोन दिवसांपासून त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झालते. दवाखान्याचं काही होत नाही तर निदान गोळ्या तरी पोटात जातीन, असा माहा हिशेब. म्हटलं, टाकतो. नुसतं टाकलं नाही, निरोपही धाडला. जेलाले जेवण पुरवणारी खातूनबी बसस्टँडापाशी राहते, बाजाराले आलेल्या बाया तिच्याकडे टेकतात. तिच्या तोंडून शकुबाईले सांगतलं का गुरुवारी सकाळी कोर्टात ये, कडुनिंबाखाली बस. अन् शेवटी बाबूच मी, पुढची काळजीही घेतली. म्हटलं, तिले बजावून सांगा, तिथी कोणाशी बोलायचं नाही. कोणी विचारलं तर कोणासाठीच आली नाही म्हणायचं. तारखा खोट्या ना! एखाद्या वकिलानं सहज विचारलं असतं, बाई तुही केस कोणती, तर माहं सारं लिखाण उघडं पडलं असतं.

गुरुवारी सकाळी आठलेच दगड तापले होते. मे महिना, आमच्याकडचा. सत्तावीस जण गाडीत चढले, हसत-खिदळत, जत्रेले निघाल्यासारखे. श्रावणले मी स्वतः जाळीपाशी बसवलं, शकुबाई दिसावी म्हणून. त्यानं आतून हात जोडले. मी मान हालवली, मोठ्या साहेबासारखी.

गाडी निघता निघता नऊ वाजले. साडेनवाले संजयचा फोन वाजला. माह्या टेबलापाशीच उभा होता तो, म्हणून सगळं ऐकू आलं. तपासणीच्या मॅडम यवतमाळहून थेट जेलात न येता आधी कोर्टात जाऊन बसल्या होत्या. आमची गाडी आवाराच्या तोंडाशी पोचली अन् ड्रायव्हरले त्याईची गाडी दिसली. संजयचं तोंड उतरलं. त्यानं सांगतलं, आत घालू नको, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग मिलच्या मागं नेऊन लाव, कुलूप खोलू नको, मी सांगतो तोवर हालू नको. ड्रायव्हरनं सावलीचं काही विचारलं असन. संजय म्हणे, सावली पाहायले वरातीत आला का बे?

त्या जिनिंगच्या मागं एक झाड नाही. मले माहीत आहे, त्या जागेचा पंचनामा मीच लिहिलता. पत्र्याची गाडी, सत्तावीस माणसं, अन् आत पाण्याची एक कॅन. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, हवालदार साहेब, त्यात श्रावण आहे, त्याले पाण्याबिगर जमत नाही, त्याले तरी उतरवा. संजय माह्याकडे पाहून गोड हसला. म्हणे, त्याले गाडीत टाकलं कोणी, वामनबाबू? मी पेन पुन्हा उचललं.

साडेअकराले मॅडम आल्या. मले वाटलं, नेहमीसारखं होईन, चहा घेतीन, नमुना भरतीन, सही करतीन. कुठलं काय! ही बाई थेट संडासात शिरली. खातूनबीच्या डब्यातली डाळ तोंडात घालून पाहली. बराकीची लांबी पावलानं मोजली. अन् तिच्यासंगं डॉक्टर होता. माह्या सात महिन्यांत जेल पाहायले आलेल्या एकाही साहेबासंगं डॉक्टर नव्हता. त्यानं ओसरीत खुर्ची टाकली अन् बावीसच्या बावीस माणसं एकेक करून तपासली. जीभ, डोळे, छाती, सारं. संडास उपसून बाबुलालची बोटं सडली होती, ती त्यानं पाहली अन् मॅडमले बोलावून दाखवली. मॅडम म्हणाल्या, फाटकाबाहेर ॲम्ब्युलन्स उभी आहे, गार्ड सोबत आणलेत, ज्याला न्यायचं त्याला आत्ताच यवतमाळला नेऊ.

ज्या गार्डासाठी मी तीन अर्ज लिहिले, तो गार्ड फाटकात उभा होता. अन् ज्याच्यासाठी लिहिले, त्याले मीच लाड करून उन्हात पाठवलं होतं. दोन कोसही नव्हतं ते जिनिंग.

मॅडमनं रजिस्टर मागतलं. मी उघडून दिलं. त्याईचं बोट आकड्यांवरून खाली आलं अन् 'कोर्ट तारीख' वर थांबलं.

"एकोणपन्नासपैकी सत्तावीस कोर्टात?" त्या म्हणाल्या. "मी दोन तास कोर्टातच होते. एकही गाडी आली नाही. कुठे आहेत ही माणसं?"

संजयनं टोपी काढून पुन्हा घातली. खरंच सांगतो, त्या घडीले तो संपला होता. मी नुसतं गप्प बसलो असतो तरी मॅडमनं पाच मिनिटांत गाडी शोधून काढली असती. पण मी बत्तीस वर्षं दप्तर तपासण्या दिलेला माणूस. माहा बापही त्याच तहसीलात कारकून होता. त्यानं मले एकच शिकवलं, साहेबाचं बोट ज्या नोंदीवर थांबलं ती नोंद खोटी पडू द्यायची नाही. माणसाचं मागून पाहता येते. मोठ्या साहेबाचं बोट थांबलं का माह्या तोंडातून उत्तर आधी निघते अन् विचार मागून येते. वरातीमागून घोडं.

"यवतमाळला, मॅडम," मी म्हटलं, शुद्ध भाषेत. "सेशनच्या तारखा आहेत. सकाळी लवकरच गाडी गेली. नोंद करताना कोर्टाचं नाव लिहायचं राहून गेलं. ती चूक माझी."

हा कारकुनाचा हुकमी पत्ता आहे. लहानशी चूक आपण होऊन कबूल करायची, मंग मोठं खोटं खरं वाटते. मॅडमनं रजिस्टरातली मागची पानं चाळली. एक खाडाखोड नाही. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी कोर्टाचं नाव लिहीत जा. अन् त्या क्षणी, लाज वाटते सांगायले पण सांगतो, माही छाती फुगली. संजय माह्याकडे पाहत होता. साऱ्या ओसरीत उत्तर एकट्या माह्यापाशी होतं.

मॅडमनं नमुन्यावर सही करायले पेन टेकवलं, अन् थांबल्या. "त्या लोकांत कुणी आजारी आहे का?"

देवानं दुसऱ्यांदा दार उघडलं होतं. काय लागत होतं? एक नाव, तीन अक्षरं. पण श्रावण म्हटलं असतं तर यवतमाळ खोटं पडलं असतं, अन् यवतमाळ माहं होतं. माह्या तोंडून निघालेलं, ताजं.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "आजारी माणसाला आम्ही प्रवासाला पाठवत नाही."

त्याईनं लिहिलं. प्रत्यक्ष हजर बावीस, क्षमता बावीस. मंग मले माही केस विचारली, वय विचारलं, किती महिने आत आहे ते विचारलं, अन् वैयक्तिक बाँडवर, म्हणजे जामीनदाराबिगर, सोडायच्या यादीत माहं नाव घेतलं. बाबुलाल अन् आणखी एक जण ॲम्ब्युलन्समध्ये चढले. ॲम्ब्युलन्समध्ये जागा होती.

बारा-साडेबारा झाले असतीन. मी संजयले म्हटलं, आता बोलवा गाडी. तो म्हणे, कशी बोलवू? मॅडम बाजूलेच तहसीलात बसल्या आहेत, कागद पाहून राह्यल्या, जेवण तिथीच आहे. तुम्हीच सांगतलं ना यवतमाळले गेली म्हणून? यवतमाळची तारीख करून गाडी दुपारी एकले परत येते का कधी?

मले पहिल्यांदा कळलं मी काय केलं ते. शेजारच्या तालुक्याचं कोर्ट म्हटलं असतं तर गाडी जेवायच्या सुट्टीत आली असती. माह्या यवतमाळनं तिले संध्याकाळपर्यंत बांधून टाकलं होतं. मी संजयचे पाय धरले. हो, धरले, छप्पन वर्षांच्या माणसानं. म्हटलं, निदान पाणी पाठवा. त्यानं एक शिपाई पाठवतो म्हणून सांगतलं. पाठवला का नाही, मले आजवर माहीत नाही. मी टेबलापाशी बसून राहलो. पंखा फिरत होता. दोन वाजले, तीन वाजले. पन्नास पावलांवर मॅडम बसल्या होत्या, मधी एक भिंत. ओरडलो असतो तर ऐकू गेलं असतं. बाबुलालची बोटं डोळ्यापुढं आली, बाँडची यादी डोळ्यापुढं आली, अन् मी ओरडलो नाही. भित्रा माणूस मी, अन् वरून मतलबी.

मॅडमची गाडी पाच वाजता निघाली. पिंजरागाडी साडेपाचले आली.

दार उघडलं तवा आतून वाफ आली, मुताची अन् घामाची. लोक उतरले नाहीत, खाली पडले. कॅन दहा वाजताच संपलती. जाळीपाशीची जागा मी श्रावणले दिली, तीच नेमकी उन्हाच्या बाजूची. गर्दी अशी का त्याले हालवता आलं नाही. दुपारभर तो हंबरत होता म्हणे. लोकांनी पत्रा बडवला, ड्रायव्हर दूर भिंतीच्या आडोशाले जाऊन झोपला होता. तीनच्या सुमारास श्रावण गप झाला, तवा लोकांले वाटलं, आराम पडला.

संजयनं त्याच्या नाकापुढं हात धरला, अन् मले हाक मारली. म्हणे, लिहा. मी लिहिलं. सायंकाळी पाच चाळीस वाजता बंदी कोर्टातून सुखरूप परत. सहा दहा वाजता बंदी श्रावण याच्या छातीत अचानक कळ. सहा पंचवीसला दवाखान्यात नेताना वाटेत मयत. पुढं चौकशी बसली, तिनं कागद पाहले, अन् कागद बरोबर होते. तीन आठवड्यांनी मी बाँडवर सुटलो. त्या दिवसाचं पान मले अजून दिसते. अक्षर कुठं हाललं नाही.

शकुबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आली, त्याचं सामान ताब्यात घ्यायले. एक टॉवेल, एक चपलांचा जोड, सिकलसेलचं कार्ड. मी टेबलावर मांडून ठेवलं होतं. ती उभीच राहली. पदराच्या गाठीत गोळ्यांची पाकिटं होती, ती सोडून तिनं सामानाशेजारी ठेवली, काहून ठेवली मले नाही माहीत. रडली नाही. तिले माह्यावर राग येईन म्हणून मी तयारी करून बसलतो. राग नव्हता. ती मले हिशेब देत होती, सांगतलेलं काम नीट केल्याचा.

"बाबू, मी कोणाशी बोलली नाही," ती म्हणे. "अंधार पडेपर्यंत कडुनिंबाखाली बसली. एक मॅडम होत्या, त्या नळापाशी आल्या. मले म्हणे, बाई, केव्हाची बसली आहेस अशा उन्हाची, कोणासाठी आलीस? मी म्हटलं, कोणासाठीच नाही. त्याईनं पुन्हा विचारलं. म्हणे, कोणी आत आहे का तुझं, मला सांग. मी तेच सांगतलं, कोणी नाही." तिनं टॉवेलची घडी केली. "काही चुकलं तर नाही ना माहं?"

"नाही बाई," मी म्हटलं. "बरोबर केलं तुम्ही."

अन् स्टॅम्पपॅड तिच्यापुढं सरकवलं, अंगठ्याची जागा दाखवली.